इंग्लिश एक, शब्द देशोदेशी वेगळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरी इंग्लिश कुठली, ब्रिटिश का अमेरिकन?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून आधी तोच उरकून टाकू. दोन्ही खऱ्या, आणि फक्त या दोनच आहेत असंही नाही. फ्रेंच भाषेसाठी पॅरिसमध्ये १६३५ पासून एक अकादमी बसलेली आहे, कुठला शब्द चालेल कुठला नाही यावर ती मत देत असते, इंग्लिशला असा कोणी मालकच नाही. डिक्शनरीवाले पण कायदे करत नाहीत, लोक काय बोलतात लिहितात ते गोळा करून छापतात एवढंच. ऑस्ट्रेलियाने १९८१ मध्ये स्वतःची मॅक्वारी डिक्शनरी काढली, कॅनडाची वेगळी आहे, साउथ आफ्रिकेची वेगळी आहे. त्यामुळे "हा शब्द बरोबर आहे का" असं विचारण्यापेक्षा "हा शब्द कुठे चालतो" असं विचारा, लगेच उत्तर मिळतं.

पण मुळात भाषा एकच होती ना, मग एवढे फरक आले कुठून?

ढोबळ हिशोब असा, की लोक वेगळे व्हायच्या आधी जी वस्तू होती तिचं नाव बहुतेक सगळीकडे सारखं राहिलं आणि वेगळे झाल्यावर जी वस्तू आली तिला दोन ठिकाणी दोन नावं पडली. इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वस्ती १६०७ ची, ऑस्ट्रेलियातली १७८८ ची. पाणी, हात, आई, घोडा यांना आजही सगळीकडे एकच शब्द आहे. पण रेल्वे आली एकोणिसाव्या शतकात, तोवर अमेरिका स्वतंत्र देश होऊन बसला होता आणि दोन्हीकडचे इंजिनिअर आपापली नावं ठेवत गेले. म्हणून ब्रिटनमध्ये रेल्वे तर अमेरिकेत रेलरोड, रुळांखालच्या आडव्या लाकडांना एकीकडे स्लीपर दुसरीकडे टाय, मालगाडी एकीकडे गुड्स ट्रेन दुसरीकडे फ्रेट ट्रेन.

दुसरं कारण म्हणजे घराची आठवण. नव्या देशात गेलेली माणसं तिथले पक्षी, झाडं, ओढे बघायची आणि जरासं जरी साम्य दिसलं की जुनंच नाव चिकटवायची. इंग्लंडचा रॉबिन हा एक चिमुकला पक्षी, अमेरिकेत लाल छातीचा जो पक्षी दिसला तो बराच मोठा आणि वेगळ्याच कुळातला, पण छाती लाल ना, मग रॉबिन. कॉर्न म्हणजे इंग्लंडमध्ये कुठलंही धान्य, अमेरिकेत मात्र फक्त मका. क्रीक म्हणजे ब्रिटनमध्ये समुद्राची खाडी, अमेरिकेत नि ऑस्ट्रेलियात साधा ओढा.

आणि तिसरं, शेजारी. न्यूयॉर्क आधी डच लोकांचं होतं, त्यांच्याकडून अमेरिकन इंग्लिशला कुकी आणि बॉस मिळाले. मूस, स्कंक, रॅकून ही नावं तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधली. न्यूझीलंडने माओरीतून घेतलं, साउथ आफ्रिकेने आफ्रिकान्समधून.

कांगारू म्हणजे "मला काय माहीत" हे खरं आहे का?

नाही, थाप आहे. कॅप्टन कुकचं जहाज १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर दुरुस्तीला थांबलं होतं, तिथे गूगू यिमिथिर भाषा बोलणाऱ्या लोकांकडून हा शब्द टिपून घेतला गेला. त्या भाषेत एका ठराविक जातीच्या कांगारूचं नाव खरंच तसं आहे, १९७० च्या दशकात एका भाषाशास्त्रज्ञाने तिथे राहून त्याची खात्री केली. तरी ही गोष्ट फॉरवर्ड होतच राहते, कारण ऐकायला मजेदार आहे.

अमेरिकन लोकांनी इंग्लिश बिघडवली असं ब्रिटिश म्हणतात, त्यात किती तथ्य?

अर्धवट, आणि ते अर्धवट पण फक्त स्पेलिंगपुरतं. नोहा वेब्स्टर नावाच्या माणसाने १८०६ मध्ये एक छोटी आणि १८२८ मध्ये एक मोठी डिक्शनरी काढली, त्यात कलरमधला यू काढला, सेंटरच्या शेवटची अक्षरं उलटवली, हे त्याने ठरवून केलं कारण त्याला नव्या देशाची भाषा वेगळी दिसायला हवी होती. त्याच्या सगळ्या सूचना काही टिकल्या नाहीत, जीभ या शब्दाचं त्याने सुचवलेलं सोपं स्पेलिंग तर कोणी घेतलंच नाही.

शब्दांचं मात्र बऱ्याचदा उलट आहे. पानगळीच्या ऋतूला अमेरिकन फॉल म्हणतात तो जुना इंग्लंडमधलाच शब्द, पानं गळण्यावरून आलेला, पुढे ब्रिटननेच तो टाकून फ्रेंच वळणाचा ऑटम पक्का केला. गॉटन हे रूप पण जुनं इंग्लिश, ब्रिटनमध्ये गेलं, अमेरिकेत राहिलं. आणि सॉकर! फुटबॉलला सॉकर म्हटलं की ब्रिटिश माणूस चिडतो, पण तो शब्द इंग्लंडमध्येच तयार झाला. १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तिच्या नियमांनी खेळला जाणारा तो असोसिएशन फुटबॉल, आणि ऑक्सफर्डच्या पोरांना तेव्हा प्रत्येक शब्दाचं शेपूट कापून "अर" लावायची खोड होती, रग्बीचं रगर केलं तसं असोसिएशनमधल्या "सॉक"चं सॉकर. ब्रिटनमध्ये तो शब्द विसाव्या शतकात बराच काळ सर्रास चालायचा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांचा आपापला वेगळा फुटबॉल आहे म्हणून त्यांना सॉकर सोयीचा पडला, एवढाच काय तो गुन्हा.

अ‍ॅल्युमिनियमचं तर आणखी गमतीचं. अमेरिकन अ‍ॅल्युमिनम म्हणतात ते ऐकून लोक हसतात, पण हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानेच १८१२ मध्ये ते रूप वापरलं होतं, सोडियम पोटॅशियमच्या चालीवर "इयम" हवं हा आग्रह इतरांचा.

गाडीच्या पार्टांची नावं एवढी वेगळी का असतात?

वर सांगितलेला हिशोब इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. मोटारगाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली, तेव्हा दोन्ही देशांत कारखाने वेगळे, मेकॅनिक वेगळे, जाहिराती वेगळ्या. सामान ठेवायची मागची जागा ब्रिटनमध्ये बूट, अमेरिकेत ट्रंक. इंजिनवरचं झाकण बॉनेट किंवा हूड. पुढची काच विंडस्क्रीन किंवा विंडशील्ड. पेट्रोलला अमेरिकेत गॅस म्हणतात, गॅसोलीनचं छोटं रूप, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं गाडी गॅसवर चालते. पाना म्हणजे स्पॅनर किंवा रेंच, नंबर प्लेट म्हणजे लायसन्स प्लेट, ट्रक म्हणजे लॉरी (आता ब्रिटनमध्येही ट्रक बरंच ऐकू येतं). मागे उघडा हौदा असलेली गाडी अमेरिकेत पिकअप, ऑस्ट्रेलियात यूट, साउथ आफ्रिकेत "बकी".

भारतात डिकी आणि स्टेपनी म्हणतात, ते ऐकून अमेरिकन गोंधळतो. यातला स्टेपनी हा माझा आवडता शब्द. सुरुवातीच्या गाड्यांना जादा चाक नसायचंच, १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात एक जादा चाक बनवलं गेलं आणि तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरून त्याला नाव पडलं. कंपनी गेली, ब्रिटनमध्ये नाव विसरले, भारतात मात्र रोजच्या बोलण्यात आहे आणि ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्येसुद्धा जादा चाकाला त्याच नावावरून आलेला शब्द आहे.

सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो?

जो शब्द आपल्याला माहीतच नाही तिथे घोळ होत नाही, माणूस विचारतो आणि विषय संपतो. खरा घोळ होतो तो शब्द ओळखीचा पण अर्थ भलताच असतो तिथे, कारण दोघांनाही वाटतं की आपल्याला कळलंय.

कपड्यांपासून सुरू करा. पँट्स म्हणजे अमेरिकेत पायघोळ विजार, ब्रिटनमध्ये आतली चड्डी, तेव्हा लंडनमध्ये कोणाच्या पँट्सची तारीफ करू नका. व्हेस्ट म्हणजे ब्रिटनमध्ये बनियन, अमेरिकेत सूटच्या कोटाखालचं बिनबाह्यांचं जाकीट. सस्पेंडर्स म्हणजे अमेरिकेत पँट वर धरणारे खांद्यावरचे पट्टे, ब्रिटनमध्ये बायकांचे लांब मोजे धरणारे. थाँग्स म्हणजे ऑस्ट्रेलियात रबरी चपला, बाकी बऱ्याच ठिकाणी अंतर्वस्त्राचा एक अगदीच तोकडा प्रकार. खोडरबराला ब्रिटिश रबर म्हणतात, अमेरिकेत तो शब्द कंडोमसाठी आहे, वर्गात मागताना सांभाळा.

पेव्हमेंट म्हणजे ब्रिटनमध्ये फुटपाथ आणि अमेरिकेत बऱ्याचदा रस्त्याचा डांबरी भाग, म्हणजे "मुलांना पेव्हमेंटवर ठेवा" हे वाक्य कोणाला सांगताय त्यावर बरंच अवलंबून आहे. पब्लिक स्कूल अमेरिकेत सरकारी, इंग्लंडमध्ये जुनी, महागडी, खाजगी. होमली म्हणजे ब्रिटनमध्ये साधं, घरच्यासारखं, भारतातल्या लग्नाच्या जाहिरातींमध्ये घर सांभाळणारी, आणि अमेरिकेत चक्क दिसायला बरी नसलेली.

मीटिंगमधला क्लासिक शब्द म्हणजे टेबल करणे. ब्रिटनमध्ये एखादा मुद्दा टेबल केला म्हणजे चर्चेला घेतला, अमेरिकेत टेबल केला म्हणजे बाजूला टाकला. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांची यावरून बराच वेळ जुंपली होती आणि मग कळलं की दोघांनाही एकच हवं होतं, हे चर्चिलनेच आपल्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय.

शब्द सारखा आणि अर्थही सारखाच, पण जोर वेगळा, असं पण होतं का?

होतं, आणि ते पकडणं फार अवघड. "क्वाइट गुड" अमेरिकन म्हणाला तर चांगलंच झालंय, ब्रिटिश म्हणाला तर ठीक आहे, चालेल, यापलीकडे काही नाही. ब्रिटिश लोकांना कमी करून सांगायची सवय आहे. १९५१ च्या एप्रिलमध्ये कोरियन युद्धात इम्जिन नदीवर ब्रिटिश तुकडीवर चिनी सैन्य प्रचंड संख्येने चालून आलं होतं, तेव्हा ब्रिटिश ब्रिगेडियरने अमेरिकन वरिष्ठाला सांगितलं की परिस्थिती "जरा स्टिकी" आहे. ब्रिटिश कानाला याचा अर्थ आम्ही मरतोय. अमेरिकन जनरलला वाटलं थोडी अडचण आहे पण सांभाळतायत, आणि लगेच माघारीचा हुकूम गेला नाही असं सांगितलं जातं. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन तिथे जवळजवळ संपली.

परदेशात औषध घ्यायचं असेल तर नावं वेगळी असतात का?

काही असतात आणि ही माहिती लक्षात ठेवाच. पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, औषध तेच. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या वेगळ्या समजून दोन्ही घेतल्या तर डोस दुप्पट होतो आणि ते लिव्हरला धोक्याचं आहे. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलिन तिकडे एपिनेफ्रिन. आणि ब्रिटनमध्ये डॉक्टर "सर्जरीत या" म्हणाले तर घाबरू नका, सर्जरी म्हणजे त्यांचा दवाखाना.

भाज्यांच्या नावांचं काय?

वांग्याला ब्रिटिश ओबर्जीन म्हणतात, फ्रेंचमधून आलेलं, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन एगप्लांट, भारतात आणि सिंगापूरमध्ये ब्रिंजल. कोथिंबीर ब्रिटनला कोरिअँडर, अमेरिकेने मेक्सिकोच्या शेजारामुळे स्पॅनिश सिलँट्रो उचललं, मात्र धण्यांना तेही कोरिअँडरच म्हणतात. ढोबळी मिरची ब्रिटनमध्ये नुसती पेपर, अमेरिकेत बेल पेपर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारतात कॅप्सिकम. रेसिपी बघताना लेखक कुठल्या देशातला आहे ते आधी बघा, बाकी कप चमच्याचं माप पण देशागणिक बदलतं, पण तो वेगळा विषय.

पहिला मजला म्हणजे नक्की कुठला?

ब्रिटनमध्ये ग्राउंड फ्लोअरच्या वरचा, अमेरिकेत जमिनीलगतचाच. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी विचारा.

आकडे तरी सारखे आहेत ना?

आता आहेत, पूर्वी नव्हते. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे दशलक्षाच्या दशलक्षपट असायचा, अमेरिकेत हजार दशलक्ष, म्हणजे शंभर कोटी. १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं की सरकारी आकड्यांत बिलियन म्हणजे हजार दशलक्षच धरायचा. त्यामुळे जुन्या ब्रिटिश पुस्तकात बिलियन दिसला की दोनदा बघा. भारतीय उपखंडात लाख आणि क्रोअर इंग्लिश वाक्यातही चालतात, बाहेरच्या माणसाला मात्र ते कळतीलच असं नाही.

तारखांचा गोंधळ तर सगळ्यांनाच माहितीये, ३/४ म्हणजे ब्रिटनमध्ये ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च, महिना अक्षरात लिहा, भांडणच मिटलं.

ऑस्ट्रेलियन माणसाचं निम्मं कळत नाही, काही युक्ती आहे का?

ते प्रत्येक शब्द अर्ध्यात तोडतात आणि शेवटी ओ नाहीतर ई लावतात, हे एकदा कळलं की बरंच सुटतं. आफ्टरनूनचं आर्व्हो, सर्व्हिस स्टेशनचं सर्व्हो म्हणजे पेट्रोल पंप, अँब्युलन्सवाला अँबो, ब्रेकफास्टचं ब्रेकी, आणि प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन असे सगळे कारागीर म्हणजे ट्रेडी. दुकानात मँचेस्टर अशी पाटी दिसली तर तिथे चादरी, अभ्रे, टॉवेल मिळतात, इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या सुती मालावरून ते नाव राहिलंय. पोहायच्या कपड्यांना सिडनीकडे स्विमर्स किंवा कॉझी, मेलबर्नकडे बेदर्स, क्वीन्सलँडमध्ये टॉग्स.

न्यूझीलंडला यात घालू नका, ते रागावतात. ऑस्ट्रेलियात बर्फाच्या थंड डब्याला एस्की, तिकडे चिली बिन. रबरी चपला तिकडे जँडल्स. आणि तिथली डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किरकोळ सामानाचं दुकान, गाई शोधू नका.

साउथ आफ्रिकेत "जस्ट नाऊ" म्हणजे लगेच ना?

अजिबात नाही. जस्ट नाऊ म्हणजे करीन कधीतरी, थोड्या वेळाने, कदाचित विसरेनही. त्यापेक्षा लवकर हवं असेल तर नाऊ नाऊ. आणि रस्ता विचारल्यावर कोणी "रोबोटपाशी डावीकडे वळा" म्हणालं तर तो सिग्नलबद्दल बोलतोय.

आयर्लंड आणि स्कॉटलंड म्हणजे ब्रिटिश इंग्लिशच ना?

आयर्लंडमध्ये हे मोठ्याने विचारू नका. तिथे प्रेस म्हणजे कपाट आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, ज्यात कपडे ऊबदार ठेवतात. गिव्हिंग आउट म्हणजे रागावणं, ओरडणं. "आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग" म्हणजे जेवायला निघालोय असं वाटतं ना, पण अर्थ आहे नुकतंच जेवलोय, ही रचना सरळ आयरिश भाषेतून आली. स्कॉटलंडमध्ये मेसेजेस आणायला जाणं म्हणजे किराणा आणायला जाणं.

भारतातले प्रीपोन, आउट ऑफ स्टेशन वगैरे शब्द चुकीचे आहेत का?

माझं मत स्पष्ट आहे, प्रीपोन हा उत्तम शब्द आहे. पोस्टपोन आहे तर त्याच्या उलट काहीतरी हवंच, आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही तो आहे. कझिन ब्रदर, बॅचमेट, डू द नीडफुल हे सगळे भारतात नीट कळतात. अडचण बाहेर गेल्यावर. "मी अमुक कॉलेजमधून पास्ड आउट झालो" असं परदेशात म्हटलं तर समोरच्याला वाटतं तुम्ही तिथे बेशुद्ध पडलात, तिथे ग्रॅज्युएट झालो म्हणा. आउट ऑफ स्टेशनऐवजी गावाबाहेर आहे असं साधं सांगा.

नायजेरिया, सिंगापूर, फिलिपिन्स यांचे शब्द कोणी गंभीरपणे घेतं का?

घेतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीने २०१५ मध्ये फिलिपिन्सचे, २०१६ मध्ये सिंगापूरचे आणि जानेवारी २०२० मध्ये नायजेरियाचे एकदम २९ शब्द घेतले. नायजेरियाचा नेक्स्ट टुमॉरो मला फार आवडतो, म्हणजे उद्याच्या नंतरचा दिवस. लंडनच्या इंग्लिशमध्ये यासाठी चार शब्दांची लांबण लावावी लागते. (आपल्याकडे परवा आहे, पण तो मागचाही आणि पुढचाही, तेव्हा फार ऐटीत राहायला नको.) तिथेच "फ्लॅश मी" म्हणजे मला मिस्ड कॉल दे. सिंगापूरमध्ये चोप करणं म्हणजे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवणं. फिलिपिन्समध्ये टॉयलेटला कम्फर्ट रूम, पाटीवर नुसतं सी. आर.

एकाच देशात तरी सगळे सारखं बोलतात का?

कुठलं! गॅसवाल्या गोड पेयाला अमेरिकेत न्यूयॉर्ककडे सोडा, मधल्या आणि उत्तरेच्या भागात पॉप, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी कुठलंही असलं तरी कोकच. इंग्लंडमध्ये साध्या गोल पावाला बॅप, कॉब, बार्म, बॅच, रोल, आणि प्रत्येक गाव स्वतःचाच शब्द खरा म्हणून भांडतं. लीड्स विद्यापीठाच्या हॅरॉल्ड ऑर्टन यांच्या टीमने १९५० ते १९६१ मध्ये इंग्लंडभर ३१३ ठिकाणी जाऊन म्हाताऱ्या शेतकऱ्यांना तेराशेच्या वर प्रश्न विचारून हे सगळं टिपून ठेवलं. अमेरिकेतही असं काम झालं, त्यांच्या प्रादेशिक डिक्शनरीचा पहिला खंड १९८५ ला आला, पाचवा २०१२ ला.

याचा उपयोग काय विचाराल, तर एका अपहरणात झाला. रॉजर शाय नावाच्या भाषाशास्त्रज्ञाला पोलिसांनी खंडणीची चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीत पैसे "डेव्हिल स्ट्रिप"वर ठेवायला सांगितलं होतं. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधल्या गवताच्या पट्ट्याला असं म्हणतात ते ओहायोच्या अ‍ॅक्रन शहराच्या आसपास. शाय यांनी विचारलं, तुमच्या संशयितांत अ‍ॅक्रनचा शिकलेला माणूस आहे का? होता, आणि त्याने नंतर गुन्हा कबूल केला.

इंटरनेटमुळे हे फरक पुसले जातील ना?

काही पुसले जातायत, अमेरिकन शब्द सगळीकडे शिरतायत हे खरं. पण नवी वस्तू आली की नवे फरक पण येतात. मोबाईल आत्ता आत्ताचा, तरी ब्रिटनमध्ये मोबाईल, अमेरिकेत सेलफोन, सिंगापूर मलेशियात हँडफोन. इंटरनेटच्या जमान्यात जर एका वस्तूची तीन नावं पडतात तर मला काही एवढ्यात सगळं सपाट होईलसं वाटत नाही.

ऑफिसच्या मेलमध्ये कुठली इंग्लिश लिहू?

वाचणारा जिथला असेल तिथली. वाचणारे मिश्र असतील तर एक स्पेलिंग धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, अर्धं ब्रिटिश अर्धं अमेरिकन फार वाईट दिसतं. कॉम्प्युटरची भाषा सेटिंगमध्ये बघून घ्या, कित्येकदा ती आपोआप अमेरिकन असते आणि बरोबर शब्दांखाली लाल रेघा ओढते. टेबल, क्वाइट, नेक्स्ट वीकेंड असले शब्द टाळा, तारीख लिहा.

"हाफ फाइव्ह"ला भेटू म्हणाले, म्हणजे साडेचार का साडेपाच?

ब्रिटिश किंवा आयरिश माणूस म्हणाला असेल तर साडेपाच. जर्मन माणूस इंग्लिशमध्ये म्हणाला असेल तर परत विचारा, कारण त्याच्या भाषेत ते साडेचार असतं.